रेघांच्या पाठीचा किडा

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज वाचनालयात संस्कृत-मराठी कोशाचा दुसरा खंड उघडला आणि त्यातून पीठ पडलं. मऊ, पांढरट, वस्त्रगाळ. पानांना आरपार भोकं, टाचणीनं पाडावीत तशी. एका भोकातून तिळाएवढा तांबूस जीव बाहेर आला आणि माझं बोट लागताच पाय पोटाशी घेऊन मेला. म्हणजे मेल्याचं सोंग केलं. मी दोन मिनिटं थांबलो, तोही थांबला. शेवटी शाळेची वेळ झाली म्हणून मी हरलो.

मी वाचनालयाचा मानद चिटणीस. ‘मानद’चा अर्थ मान देणारा, मिळवणारा नव्हे, सव्वीस वर्षांचा अनुभवही तसाच आहे.

चोर कोण ते शोधायला मला भिंग लागलं नाही. आमच्या इमारतीचा पुढचा हॉल वाचनालयाचा आणि मागचा, गेली बावीस वर्षं भाड्यानं, धोंडप्पा कोरेच्या मिरची गोदामाचा. मधे एक भिंत. संध्याकाळी काडेपेटीत किडा घालून मागच्या दाराला गेलो.

“शरणार्थ, स्वामी,” धोंडप्पा म्हणाला. आम्ही जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, तो लिंगायत वाणी; मला बघितलं की एवढं म्हणणं त्याला चुकत नाही. पुढचं मात्र तो मनापासून बोलतो. “कामून तोंड दावलं आज?”

मी काडेपेटी उघडली. त्यानं किडा अंगठ्याच्या नखावर घेतला, उजेडाकडे धरला, दुसऱ्या नखानं हळूच उलटा-सुलटा केला.

“ह्यो माझा न्हाई.”

“किड्याला सातबारा असतो का?”

“असतोय. माझ्या किड्याची पाठ गुळगुळीत. ह्येच्या पाठीवर रेघा हायत. ह्यो तुमच्याकडला.”

“आमच्याकडे ज्ञान असतं. किडे नसतात.”

“मंग ज्ञान चाळून घ्या येकदा,” असं म्हणून त्यानं किडा माझ्या काडेपेटीत परत टाकला. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत नाही म्हणाला.

चाळीस वर्षं मिरचीत काढलेल्या माणसाला तिळाच्या पाठीवरच्या रेघा दिसतात म्हणे. मला चष्म्यातून दिसल्या नाहीत. अर्थात मी पाहिल्याही नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लातूरच्या दैनिकाला बातमी पाठवली; त्यांचा इथला वार्ताहरही मीच. ‘ग्रंथसंपदा किड्यांच्या घशात! वाचनालयाला मिरची गोदामाचा विळखा’. “विश्वसनीय सूत्रांनुसार” असं लिहावं लागलं. सूत्र मीच, आणि मी विश्वसनीय आहे यात शंका नाही.

मागचा हॉल मोकळा झाला तर तिथं बाबांच्या नावानं संस्कृत पाठशाळा होईल. बाबांच्या एकशे बारा पोथ्या सहा वर्षांपूर्वी मी वाचनालयाला दिल्या. भिंतीलगतच्या एका कपाटात त्या गुदमरतायत. हा विचार बातमी पाठवल्यावर सुचला. आधीही एकदा सुचला होता, पण तो निराळ्या संदर्भात.

१८ ऑगस्ट, सोमवार

बातमी छापून आली. जिल्हा आवृत्तीचं पहिलं पान, चौकट, माझं नाव. हॉटेलात मोठ्यानं वाचली गेली. दोघांनी अभिनंदन केलं. त्यांतल्या एकाला धोंडप्पाशी वैर आहे आणि दुसऱ्याला वाचता येत नाही.

पिठाच्या गिरणीत धुरपताबाई भेटली. गोदामात मिरचीचे देठ खुडणाऱ्या अठरा बायांची ती मुकादम. डबा खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमी छापलं व्हय, आमच्या मिरचीचे किडे पुस्तकं खाऊन राहिले म्हून?”

“मी वाचनालयाची बाजू मांडली, बाई.”

“अन आमची कोन मांडंल? नांदेडचा गिऱ्हाईक काल माल न बघता माघारी गेला. तुमचे बोर्डावाले गोदाम उठवनार म्हनून राहिले. उठलं तर अठरा बाया जाव्या कुठं? तुमच्या पुस्तकाचे देठ खुडू?”

गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून.

उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, संस्कृतात, अनुष्टुभात बसणारं. बायकोला, सुकन्येला, ऐकवलं. ती म्हणाली, “दळण कुठाय?”

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दारात पसाभर मिरचीचे देठ पडलेले. नेमके उंबऱ्यावर, रांगोळीसारखे.

वाचनालयाचे अध्यक्ष केरबाअण्णा यांच्याकडे गेलो. पाच ऑक्टोबरला विश्वस्तांची सभा ठरली. विषय एकच, गोदाम उठवायचं की ठेवायचं. अण्णांचा उत्साह बघून बरं वाटलं. ग्रंथांविषयी इतकी कळकळ त्यांनी आजवर दाखवली नव्हती. वाचनालयातून त्यांनी नेलेलं शेवटचं पुस्तक पंचांग होतं.

“पन स्वामी, धोंडप्पा कोर्टात जाईल. एखादा शास्त्राचा कागद आना. किडा त्याचाच हाय म्हून.”

३० ऑगस्ट, शनिवार

शास्त्राच्या कागदासाठी कॉलेजात गेलो. प्राणिशास्त्र शिकवते ती दीपमाला सोनकांबळे माझीच विद्यार्थिनी. दहावीला संस्कृतात तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते. निकालाच्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी म्हणालो होतो, “सोनकांबळे, आश्चर्य आहे!” मोजून कौतुक करणारा मी, तिचं मात्र मोकळेपणानं केलं होतं.

“तुमचं ते ‘आश्चर्य आहे’ मला अजून पाठ आहे, सर,” ती म्हणाली. ऐकून बरं वाटलं. पोरं विसरत नाहीत.

काम सांगितलं. ती म्हणाली, “किडा कुणाचा आहे ते मी सांगेन. कुणाचा असावा ते तुम्ही सांगू नका.”

शिक्षकाशी बोलायची ही रीत नव्हे. पण फुकट काम करणार आहे, म्हणून सोडून दिलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

दीपमाला आली. तोंडाला फडकं बांधून आधी गोदामात गेली. तिथं धुरपताबाईनं तिला चहा पाजला. नंतर वाचनालयात आली. इथं मी तिला नियमावली दाखवली.

तिनं एक-एक फळी रिकामी केली, पुस्तकं पांढऱ्या कागदावर झटकली, चिमट्यानं किडे उचलून बाटल्यांत भरले. बाबांच्या पोथ्यांच्या कपाटापाशी फार वेळ बसली. मग कादंबऱ्यांच्या फळीवरून काहीतरी उचलून तळहातावर घेतलं. हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा. त्याला बारीक भोक.

“सर, वाचनालयात तांदूळ कुठून आला?”

“मागच्या बाया डबा खाताना सांडत असतील.”

“भिंतीपलीकडून? हळद-कुंकू लावून?”

मी म्हणालो, बायकांचं काही सांगता येत नाही. तिनं दाणा वेगळ्या बाटलीत ठेवला, बाटलीवर तारीख घातली. मागच्या बायांच्या डब्यात ज्वारीची भाकरी असते हे मला ती गेल्यावर आठवलं.

२० सप्टेंबर, शनिवार

दीपमालानं प्रयोगशाळेत बोलावलं होतं. दोन काचपट्ट्या तयार ठेवल्या होत्या. मायक्रोस्कोपला डोळा लावायला मला चष्मा काढावा लागला, आणि चष्मा काढल्यावर मायक्रोस्कोप सापडेना. तिनं खांद्याला धरून बसवलं.

“हा गोदामातला. तंबाखूतला भुंगेरा म्हणतात याला. तंबाखू खातो, मिरची खातो, हळद खातो. पाठ बघा. बारीक लव आहे, पण गुळगुळीत. आता मिशा बघा.”

मिशा करवतीच्या पात्यासारख्या. दात सारखे, मुळापासून टोकापर्यंत.

“आता हा तुमचा.”

“वाचनालयातला,” मी दुरुस्ती केली.

पाठीवर रेघा. बैल जुंपून पाभरीनं ओढाव्यात तशा सरळ, बारीक खड्ड्यांच्या ओळी. मिशांची टोकंही वेगळी. शेवटचे तीन मणी मोठे, सुटे-सुटे. बाकी दोघं सख्खे भाऊ वाटावेत. तोच तांबूस रंग, तीच मान खाली घालून बसायची तऱ्हा, तेच मेल्याचं सोंग.

“हे दोघं मोठेपणी जवळपास काही खात नाहीत, सर. खातं ते त्यांचं पोर, अळी. आणि खातं म्हणजे काय खातं! तंबाखूतलं विषसुद्धा. कसं पचतं सांगा.”

“जठराग्नी?”

“उसना. पोटात एक यीस्ट सांभाळलेलं असतं. ते विष निवळवतं, अन्नात नसलेली जीवनसत्त्वं पुरवतं. दोघांकडे यीस्ट आहे, पण याचं यीस्ट वेगळं, त्याचं वेगळं. आई अंडं घालताना ते अंड्यावर माखून ठेवते. अळी बाहेर येते आणि सगळ्यात आधी अंड्याचं कवच खाते. झाली तयार.”

“म्हणजे दीक्षा,” मी म्हणालो. “आमच्यात मूल जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात, तसं. बाप-आजांनी पचवलेलं पोराला आयतं मिळतं. नाहीतर व्याकरण कुणाला पचतं?”

ती हसली. तेवढ्यापुरती ती पुन्हा दहावीतली वाटली.

“मग हा रेघांचा मिरची खात नाही?” मी विचारलं.

“मिळाली तर खातो. पण इथं मिरचीत तो एकही सापडला नाही, आणि पुस्तकांत करवतीच्या मिशांचा एकही नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन संसार आहेत. रेघांच्याला तांदूळ, पीठ, बिस्किटं, वाळलेल्या मुळ्या आवडतात. आणि खळ. सर, पुस्तकं बांधायला खळ कुठली वापरता?”

“घरची. गव्हाच्या पिठाची. मी स्वतः शिजवतो.”

“मोरचूद घालता?”

कीड लागू नये म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, हे मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी, पोथ्या आल्या तेव्हा, मीच ते बंद केलं.

“सरस्वतीच्या अंगाला विष चोपडू?” मी म्हणालो.

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. तेवढ्या वेळात मला घाम का आला, कळलं नाही. खोलीत पंखा नव्हता.

२७ सप्टेंबर, शनिवार

अहवाल मिळाला. दीपमालानं शिपायाच्या हाती बंद पाकिटात पाठवला. दोन पानं, शुद्धलेखन निर्दोष.

“दोन्ही ठिकाणच्या कीटकांच्या जाती भिन्न आहेत. वाचनालयातील प्रादुर्भावाचा उगम भिंतीलगतचे पोथ्यांचे कपाट हा दिसतो. पोथ्यांतील अक्षता आणि बांधणीतील पिठाची खळ हे अन्न. तेथून इतर पुस्तकांत प्रसार. मिरची गोदामाशी संबंध आढळत नाही.”

एका जातीच्या रेघा आणि दुसऱ्या जातीच्या मिशा यांवरून बाबांच्या ग्रंथसंग्रहावर ठपका ठेवायचा, हे आधुनिक शिक्षण. तिला उपमान कळतं, अनुमान कळत नाही. कपाटात कीड आहे, कबूल. पण ती कपाटात आली कुठून? भिंतीपलीकडून आली, इथं राहिली आणि पाठीवर रेघा उमटल्या, असं का नसेल?

हे लिहून वाचून पाहिलं. नसेल.

अहवाल टेबलाच्या खणात ठेवला. लपवला नाही. खणाला कुलूप आहे, इतकंच.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सरस्वतीपूजन. पोथ्या दिल्या त्या वर्षापासून मी एक प्रथा पाडली आहे: दसऱ्याला प्रत्येक पोथीचा रुमाल सोडायचा, जुन्या अक्षता झटकायच्या, नव्या घालून पुन्हा बांधायचा. वाचकही घरी नेलेली पुस्तकं आणतात. ती पोथ्यांभोवती रचून वर एक पातळ पांघरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. विद्येला एक दिवस विश्रांती. मग पुस्तकं परत घरोघर, फळ्याफळ्यांवर.

पहिला रुमाल सोडला. गेल्या वर्षीच्या अक्षता होत्या, पण बोटात धरल्या की फुटत होत्या. आत काही नव्हतं; प्रत्येक तांदूळ म्हणजे नुसतं टरफल. रुमालाच्या घडीत पीठ. एक किडा चालत बाबांच्या हस्ताक्षरावरून गेला, समासात थांबला. खिशात भिंग होतं. काढलं.

रेघा होत्या.

दुसरा रुमाल. तिसरा. अकरा सोडले आणि थांबलो.

सुकन्या मागे ताट घेऊन उभी होती. “काय झालं?”

“काही नाही. जुन्या झाल्यात.”

“मग हळद-तांदूळ नका घालू या वर्षी. नुसतं फूल वाहा.”

“प्रथा आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

मी नव्या अक्षता घातल्या. एकशे बारा पोथ्यांत, मूठ-मूठ. लोक पुस्तकं घेऊन आले होते, ताटकळत होते, काय करणार? पुस्तकं भोवती रचली, पातळ पांघरलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सभा सकाळी अकराला झाली. विश्वस्त सात, मी धरून. धोंडप्पाला बाजू मांडायला बोलावलं होतं. तो धुतलेलं धोतर नेसून आला, माझ्याकडे बघून “शरणार्थ” म्हणाला, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मागे धुरपताबाई आणि चार-पाच बाया उभ्या. त्यांना बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

केरबाअण्णा म्हणाले, “स्वामी, कॉलेजच्या म्याडमचा अहवाल आला का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. धोंडप्पा बघत नव्हता. तो स्वतःच्या अंगठ्याचं नख बघत होता.

“अजून नाही,” मी म्हणालो.

“मंग आता वाट किती बगायची? धोंडप्पा, तुमचं काय म्हननं?”

“माझं म्हननं म्या स्वामीला पहिल्याच दिशी सांगितलंय. त्यास्नी इचारा.”

अण्णांनी मला विचारलं. मी म्हणालो, त्यांचं म्हणणं असं की किडा त्यांचा नाही. दोघं हसले. कुणीतरी म्हणालं, किड्याची जातपडताळणी करा. मग हात वर झाले. सात. सातवा जरा उशिरा झाला, पण इतिवृत्तात उशीर नोंदवत नाहीत. महिनाअखेर गोदाम रिकामं करायचं.

बाहेर पडताना धुरपताबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाली, “शिकलेल्या मानसाचं लई सोपं असतंय बाई. दोन शब्द बोललं की झालं.”

तिनं मोजले होते की काय? “अजून नाही” हे दोनच होतात.

६ ऑक्टोबर, सोमवार

डोकं दुखतं. शाळेत ‘राम’ शब्द चालवायला घेतला आणि षष्ठीला अडखळलो. तिसावं वर्ष आहे शिकवायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाठशाळेचा आराखडा घेऊन केरबाअण्णांकडे गेलो. बैठकीत त्यांचा भाचा वीरेश बसला होता. समोर फलकाचा नमुना: स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्र, संचालक वीरेश, पत्ता आमच्या मागच्या हॉलचा.

“हॉल ह्याला दिलाय, स्वामी. संस्कृत कोन शिकतंय आता? तुमचं पोरगं तरी शिकलं का?”

माझं पोरगं पुण्यात मोटारीच्या कारखान्यात आहे. तो मुद्दाच नव्हता.

“पाठशाळेचं बोलणं झालं होतं,” मी म्हणालो.

“तुमचं झालं असंल. सोताशी.”

वीरेश हसला. हसताना त्यानं मोबाइलमधून मान वर काढली नाही.

सत्य दडपणं हा माझा स्वभाव नाही, हे आज येताना रस्त्यात फार तीव्रतेनं जाणवलं. घरी आलो, खणाचं कुलूप काढलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अहवालाची प्रत अण्णांना दिली.

“त्या दिशी तर म्हनला, आला न्हाई.”

“आज टपालानं आला.”

त्यांनी कागद उलटा-सुलटा केला, माझ्याकडे बघून तंबाखू मळली. “टपालानं. बरं. किडा कुनाचा का असंना, ठराव झालाय. जावा आता.”

मग मी वार्ताहराची टोपी घातली. संध्याकाळी लातूरला खुलासा पाठवला, अहवालासकट. संपादकांचा फोन आला. “स्वामी, पहिल्या पानावर आपणच चौकट केली होती. आता उलट छापायचं तर कारण काय देऊ?”

“अनवधान,” मी सांगितलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खुलासा आज आला. सातव्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीखाली. चौकट नाही. माझं नाव नाही.

तरी व्हायचं ते झालं. धोंडप्पानं अंक घेऊन वकील गाठला आणि अण्णांना तातडीची सभा घ्यावी लागली. या वेळी धोंडप्पानं दीपमालाला बरोबर आणलं. बाया खुर्च्या ओढून बसल्या, कुणी म्हणायची वाट न बघता.

दीपमालानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, भिंग दिलं, म्हणाली, ज्याला शंका आहे त्यानं बघावं. विश्वस्त रांगेनं बघून आले. एकानं गुळगुळीत किड्याला बोट लावलं. तो मेल्याचं सोंग घेऊन पडला.

मग अण्णांनी मधाळ आवाजात विचारलं, “म्याडम, ह्यो अहवाल तुमी पाठवला कवा?”

“सत्तावीस सप्टेंबरला. चिटणीस म्हणून सरांनी शिपायाकडे सही केली आहे.”

 ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मला वाटलं होतं, सर, तुम्ही वाचून दाखवाल. आश्चर्य आहे.”

ठराव रद्द झाला. गोदाम राहील. दुसरा ठराव लगेच मांडला गेला: चिटणिसांना पदमुक्त करावं आणि पोथ्यांचं कपाट आठ दिवसांत हलवावं. सहा हात. माझा मी कुठं धरला होता ते आठवत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पोथ्या घरी आणल्या. सुकन्येनं दार अडवलं. दीपमालानं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, मला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा न राहील अशा बांधायच्या, आणि बर्फाच्या कप्प्यात दोन-दोन आठवडे ठेवायच्या. कप्प्यात एका वेळी चार मावतात. म्हणजे एकशे बारा पोथ्यांना वर्षावर काळ जाईल. बाबांनी शब्दाच्या नित्यत्वावर केलेलं टिपण आत्ता गोठलेल्या वाटाण्यांशेजारी आहे.

“बाकीच्या?” मी विचारलं.

“पत्र्याच्या पेटीत, गच्चीवर. आणि आता हळद-तांदळाचं नाव काढलंत तर तुम्हीपण गच्चीवर.”

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी धोंडप्पाचा निरोप आला: गोदामात या. मी म्हटलं, आभार मानणार असेल. सुकन्या म्हणाली, “मानून घ्या,” आणि माझा धुतलेला सदरा काढून दिला.

गोदामात मी बावीस वर्षांत दाराच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पोती, मधे मिरचीची रास, राशीभोवती अठरा बाया तोंडाला पदर बांधून. खुडलेले देठ एका हाताला, मिरच्या दुसऱ्या हाताला. कुणी मान वर केली नाही.

धोंडप्पा तराजूपाशी बसला होता. आज तो “शरणार्थ” म्हणाला नाही. नुसता अंक पुढे केला, सातवं पान वर.

“वाचा.”

“तुम्ही वाचलं असेल ना.”

“म्या वाचलंय. ह्यांच्यापुढं वाचा. मागली बातमी हाटेलात मोठ्यानं वाचली व्हती. धा घरच्या कार्यात ह्यांना सैपाकाला बोलावलं न्हाई, किडेवाल्या म्हून.”

मला हे माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

“तुमी इचारलं नव्हतं,” धुरपताबाई राशीमागून म्हणाली.

“बाई, तुम्हाला वाचता येतं,” मी म्हणालो. “सही करताना पाहिलंय मी.”

“येतंय की. तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

मी अंक उघडला. “दिनांक अठरा ऑगस्टच्या अंकात…” आणि घशात आग उतरली. खोकला आला तो थांबेना. डोळ्यांतून, नाकातून पाणी. सदऱ्याच्या बाहीला पुसलं तर बाहीवरही मिरची बसलेली. डोळा आणखी पेटला. पाण्याचा माठ समोर दिसत होता. कुणी उठलं नाही. अठरा जोड हात चालू होते. देठ तुटल्याचा बारीक कट-कट आवाज, बाकी काही नाही.

“हॉल भेटला न्हाई म्हून खरं बोलून राहिलाव का?” धुरपताबाईनं विचारलं. भांडणाच्या सुरात नाही. माहिती हवी असल्यासारखं.

मी खोकलो. ते उत्तर धरलं की नाही, कळलं नाही.

“पुढं वाचा.”

“…प्रसिद्ध झालेल्या वृत्तात अनवधानाने…”

“अनवधान म्हंजे?”

“लक्ष नसणं. ध्यान नसताना झालेली चूक.”

पहिल्यांदा तिचे हात थांबले. मग शेजारणीचे. मग एकेक करून सगळ्यांचे.

“तुमचं ध्यान नव्हतं?”

धोंडप्पानं तराजूतला काटा उगाच बोटानं स्थिर केला. मी कागदाकडे पाहिलं. छापलेलं होतं ते, माझाच शब्द, शुद्ध.

“होतं,” मी म्हणालो.

“मंग तसं वाचा. पयल्यापासून.”

मी पहिल्यापासून वाचलं. छापलेलं नव्हतं ते वाचलं: कागद खणात होता, मी कुलूप लावलं होतं, किडा माझ्या कपाटातला होता आणि धोंडप्पानं पहिल्याच दिवशी ते सांगितलं होतं. तीनदा खोकल्यानं थांबलो. तिन्हीदा त्या थांबल्या. 

धुरपताबाईनं पदर सारखा केला, पुढची मिरची उचलली आणि म्हणाली, “सरका तिकडं. उजेड अडतोय.”